व्हिडिओ कुठे थांबवायचा?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कोणत्याही मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात जरा डोकावून पाहा. ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून, एक मोबाइल उभा केलेला दिसेल. त्यात कुणी एक बाई चकलीच्या भाजणीला मोहन किती घालावे ते सांगत असते, आणि इकडे आपली सूनबाई, नाही तर हल्ली चिरंजीवसुद्धा, परात पुढे घेऊन उभे असतात. मोहन पडले रे पडले की पिठाने माखलेल्या हाताच्या करंगळीने तो व्हिडिओ थांबवला जातो. त्यातली परात पाहायची, आपली पाहायची, पिठाची मूठ वळून बघायची. शंका आली की पुन्हा मागे जायचे. दहा मिनिटांच्या त्या व्हिडिओला तास लागतो. पण तासाअखेर चकलीला काटा येतो.

आता त्याच घराच्या बाहेरच्या खोलीत या. तिथे आठवीतला मुलगा ‘बल व दाब’ या पाठाचा पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ हनुवटीला हात लावून, एकदाही न थांबवता पाहत असतो. “समजलं का रे?” असे विचारावे, तर मान न वळवता “हो, समजलं” असे उत्तर येते. मग पुस्तकातला एखादा साधा प्रश्न उलटा करून विचारला की मुलगा छताकडे पाहू लागतो.

एकाच घरात, एकाच यंत्रावर, दोन माणसे दोन तऱ्हांनी शिकत आहेत. एकाला येते, दुसऱ्याला येत नाही. असे का होते, हा प्रश्न गेली काही वर्षे मला पडला आहे आणि आज त्यावरच चार शब्द लिहायचे आहेत.

माझी ओळख एवढीच, की डोंबिवलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्त झाले, आणि आता ठाकुर्लीला राहते. संध्याकाळी इमारतीतली आणि आसपासची आठ-दहा मुले येतात. शिकवणी नव्हे, फी नाही आणि शिस्तही बेताचीच. शिवाय जवळच्याच एका शाळेने आठवड्यातून दोन तास मला बोलावले आहे. त्या शाळेत आता फळ्याच्या जागी मोठा पडदा आहे. बोट लावले की चित्र हलते. पहिल्या दिवशी तो पडदा पाहून मला जितका आनंद झाला तितकीच धास्तीही वाटली. खडू हातात असला म्हणजे शिक्षकाला बोलावेच लागते. पडद्यापुढे गप्प बसण्याची सोय आहे.

हलत्या चित्राने मुलांना शिकवावे ही कल्पना तशी नवी नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडी थोडी फिल्म घेतली. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. पैसा लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला हा उद्योग. पण मला विचाराल तर मराठी माणसाने केलेला विज्ञानाचा पहिला चित्रपाठ तोच. पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक लघुपट काढला. त्यानंतर कित्येक वर्षांनी अरविंद गुप्तांनी आगपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती शिकवणारी खेळणी केली, हा मजेदार योगायोग.

फाळके वाटाणा पेरून बसले त्याच सुमारास, १९१३ साली, तिकडे अमेरिकेत एडिसनसाहेबांनी भाकीत करून टाकले होते, की शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत सगळे शिक्षण चित्रपटांनी होईल. एडिसन मोठा माणूस, पण या बाबतीत त्याचा अंदाज साफ चुकला. पुस्तके अजून आहेत आणि दप्तराचे ओझेही आहे.

आपल्याकडे १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी तिथे कार्यक्रम होत आणि ते दूरदर्शनवरून दाखवले जात. चांगले कार्यक्रम असत. पण आमच्या वेळापत्रकातला विज्ञानाचा तास आणि त्या कार्यक्रमाची वेळ जुळणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. जुळलाच, तर शाळेचा एकुलता एक दूरदर्शन संच कपाटात आणि कपाटाची किल्ली शिपायाच्या खिशात. हे सगळे जमून चित्र दिसू लागले, की साठ मुले माना उंचावून बघत. मध्येच एखादा हात वर होई. त्या मुलाला मला सांगावे लागे, “थांब, संपल्यावर विचार.” संपेपर्यंत तो प्रश्नही विरून गेलेला असे. ‘बालचित्रवाणी’ २०१७ साली बंद झाली.

आजच्या व्हिडिओत नवे काय आहे, असे कुणी मला विचारले तर मी सांगेन, की चित्र नवे नाही, आवाज नवा नाही, रंगही नवे नाहीत. तो थांबवता येतो, हे नवे आहे. मागे नेता येतो, सावकाश करता येतो, एकेक चित्र सुटे करून पाहता येते. आणि हे करण्यासाठी किल्ली शिपायाकडे मागावी लागत नाही. चकली करणाऱ्या आपल्या सूनबाईंना ही गोष्ट कुणी न सांगता उमगली. शाळेत मात्र पडदा सुरू झाला की तो तास संपेपर्यंत चालू ठेवायचा, अशीच बहुतेकांची समजूत दिसते.

गेल्या वर्षीचा एक तास सांगते. २ ऑगस्ट १९७१ रोजी ‘अपोलो १५’ मोहिमेचा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर एक प्रयोग केला होता. एका हातात १.३२ किलोचा हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस. दोन्ही एका उंचीवर धरून त्याने एकाच वेळी सोडली. त्याचे चित्रण उपलब्ध आहे आणि मिनिटाच्या आत संपते. तो व्हिडिओ मी आठवीच्या वर्गात लावला, आणि स्कॉटने हात पसरले त्या क्षणी थांबवला.

“आता काय होईल?”

आधी शांतता. मग हात वर होऊ लागले. मी पर्याय फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले आणि मते मोजली. निम्म्याहून अधिक मुलांचे म्हणणे पडले, की दोन्ही वस्तू तरंगत राहतील, कारण “चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं, बाई.” बऱ्याच जणांचा कौल हातोड्याला. दोन्ही एकदम पडतील असे म्हणणारी थोडकी; आणि त्यांच्यातही एकाने कबूल केले, की “पुस्तकात आहे म्हणून म्हटलं.”

“गुरुत्वाकर्षण नसेल तर तो माणूस उभा कसा आहे?” असे मी विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, “त्याचे बूट जड असतात.” यावर दुसरा म्हणाला, “बूट जड असायला तरी गुरुत्वाकर्षण लागेल ना!” आणि दोघांची जी जुंपली, ती मी मुद्दाम सोडवली नाही. पाच मिनिटे वर्गात नुसता कल्लोळ. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन पाहून गेल्या. एका मुलीने शेवटी मूळ गाठले. ती म्हणाली, “चंद्रावर हवा नाही. हवा नसली की गुरुत्वाकर्षण नसतं.” पाहा, हा गैरसमज! हवाच वस्तूला खाली दाबते असे कितीतरी मुलांना वाटत असते आणि एकतीस वर्षांत पुस्तकाने तो त्यांच्या डोक्यातून कधी काढला नव्हता, कारण तो डोक्यात आहे हे बाहेरच आले नव्हते.

मग मी बटण दाबले. हातोडा आणि पीस बरोबरच खाली आली. पुरता दीड सेकंदही लागला नाही. वर्ग एकदम गप्प, आणि मग, “पुन्हा दाखवा!” पुन्हा दाखवले. तिसऱ्यांदा दाखवले. मग एकाने विचारले, “मग इथे पीस सावकाश का पडतं?” हा प्रश्न मला विचारावा लागला नाही. एक वही आणि तिच्याहून लहान असा कागदाचा कपटा घेतला. वेगवेगळे सोडले, तर वही आधी पडते. कपटा वहीवर ठेवून वही आडवी सोडली, तर दोन्ही बरोबर पडतात. हे करायला चंद्रावर जावे लागत नाही आणि वीजही लागत नाही.

तो व्हिडिओ न थांबवता दाखवला असता तर काय झाले असते? मुलांनी पाहिला असता, टाळ्या वाजवल्या असत्या आणि “समजलं” म्हणाली असती. हा माझा नुसता तर्क नाही. सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर नावाच्या गृहस्थाने याच विषयावर संशोधन करून २००८ साली प्रबंध सादर केला. पदार्थविज्ञानाचा अगदी स्वच्छ, सोपा, सुबक व्हिडिओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी सांगितले, की छान समजले. परीक्षा घेतली तर ज्ञानात फारशी भर नव्हती. उलट, ज्या व्हिडिओत आधी लोकांचा गैरसमज मांडून मग त्याच्याशी वाद घातला होता, तो पाहताना विद्यार्थी गोंधळले, कुरकुरले; पण परीक्षेत तेच पुढे गेले. माणूस आपल्या मनात आधीपासून जे आहे तेच पडद्यावर पाहतो आणि खूश होतो. हे म्युलरसाहेब पुढे स्वतः विज्ञानाचे व्हिडिओ करू लागले आणि जगभर प्रसिद्ध झाले.

दुसरा एक प्रयोग हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. व्याख्यानाच्या चित्रफितीचे चार तुकडे केले आणि काही विद्यार्थ्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटीशी चाचणी दिली. त्यांचे मन इतरांपेक्षा निम्म्याने कमी भटकले आणि टिपणे मात्र त्यांनी तिप्पट घेतली. पुढच्याच वर्षी संगणकावरील अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख दर्शनांची मोजदाद झाली, तेव्हा असे दिसले, की सहा मिनिटांपुढे बघणाऱ्याचे लक्ष टिकत नाही. ही झाली तिकडची मोठी माणसे. आपली आठवीतली पोरे पंचवीस मिनिटे एकाग्र राहतील ही आशा कुणी करू नये.

आतापर्यंत मी दुसऱ्यांनी केलेल्या व्हिडिओविषयी बोलले. परंतु खरी मजा पुढेच आहे. मुलांच्या घरात जो मोबाइल आहे, तो एक उत्तम मोजमापाचे यंत्रही आहे, हे पालकांच्या फारसे लक्षात येत नाही.

साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो. आम्ही शाळेच्या भिंतीवर खडूने दर दहा सेंटिमीटरवर रेघ मारली, एक रबरी चेंडू वरच्या रेघेशी धरला आणि सोडला. एकाने चित्रण केले. मग ते संगणकावर घालून एकेक चित्र पुढे सरकवत, दर तिसऱ्या चित्राला, म्हणजे दर दशांश सेकंदाला, चेंडू कुठे आहे ते लिहून काढले. चेंडू थोडा पुसट आणि लांबट दिसतो, त्यामुळे आकड्यांत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक पडला, त्याचे काही नाही. पहिल्या दशांश सेकंदात सुमारे पाच सेंटिमीटर, पुढच्यात पंधरा, मग चोवीस-पंचवीस, मग चौतीस, मग चव्वेचाळीस. अर्ध्या सेकंदात चेंडू सव्वा मीटरच्या आसपास येतो.

“या आकड्यांना पाचाने भागून बघा,” मी म्हटले.

एक, तीन, पाच, सात, नऊ! मुलांचा विश्वासच बसेना. कुणाला वाटले, मी आधीच आकडे जुळवून ठेवले होते. म्हणून त्यांनी जड चेंडू आणून पुन्हा केले. पुन्हा तेच. पडत्या वस्तूचा हा विषम संख्यांचा नियम गॅलिलिओने शोधला. पण त्याच्याकडची घड्याळे इतकी कच्ची, की सरळ पडणारी वस्तू त्याला मोजता येईना. त्याने गोळे उतरत्या फळीवरून घरंगळवले आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याने वेळ मोजली. ज्याच्यासाठी त्या थोर पुरुषाने इतकी यातायात केली, ते ठाकुर्लीच्या पोरांनी एका तासिकेत भिंतीवर पाहिले. (कुणाला घरी करून पाहायचे असेल तर भर उजेडात करा. अंधारात काही मोबाइल सेकंदाला कमी चित्रे घेतात आणि सगळा हिशेब बिघडतो.)

लहान मुलांसाठी याहून सोपे आहे. मोड आणायला बांधलेल्या मटकीतले चार दाणे ओल्या कापसावर ठेवावेत, समोर मोबाइल टेकवून दर अर्ध्या तासाने एक चित्र घ्यावे. दोन दिवसांनी ती चित्रे भराभर दाखवली, की मटकीचा मोड वळवळत बाहेर येताना दिसतो. फाळक्यांना लंडनहून आणलेला कॅमेरा लागला होता. इथे फक्त आईने दोन दिवस मोबाइल मागायचा नाही, एवढीच अट. आणि तीच अवघड!

आता मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. सरकारने “शाळा बंद पण शिक्षण आहे” म्हणून हाक दिली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, तीही चांगली होती. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले होतेच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हे चौकोनी ठसे पुस्तकांना चिकटवण्याची युक्ती काढली, ती पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली. आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, ही गोष्ट मला पुरस्काराहूनही मोठी वाटते.

हे सगळे खरे. पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या घरी मोबाइल एकच. तो तिच्या नवऱ्याच्या खिशात आणि नवरा रात्रपाळीचा पहारेकरी. मुलगी तेव्हा तिसरीत. बाप सकाळी घरी येई तो पेंगुळलेला, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून मोबाइल बंद. संध्याकाळी दोन तास तो मुलीच्या हाती येई, तोही महिनाअखेर पैसे भरलेले असतील तर. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ती पाचवीत गेली होती आणि तिला एक ओळ धड वाचता येत नव्हती. ग्रामीण भागातल्या मुलांच्या घरी स्मार्टफोन किती, याची ‘असर’ने पाहणी केली होती, २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत होता, २०२० मध्ये ६१.८ टक्के घरांत. आकडा वाढला हे चांगलेच झाले. परंतु घरात असलेला मोबाइल मुलीच्या हातात असतोच असे नाही, आणि हे शहरातही तितकेच खरे आहे.

ती मुलगी माझ्याकडे येऊ लागली. वर्गात तोंड उघडत नसे. इतर मुले हसतील ही भीती. एक दिवस मी तिला अपूर्णांकांचा पाच मिनिटांचा मराठी व्हिडिओ लावून दिला, कानाला बोंडके दिले आणि कोपऱ्यात बसवले. पाहते तो काय, अर्धा तास झाला तरी बाईसाहेब उठेनात. एकच तुकडा ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहत होती. पाटीवर भाकरीचे चित्र काढी, पुसे, पुन्हा काढी. “किती वेळा पाहिलंस?” मी विचारले. तिने सहा बोटे दाखवली आणि हळूच म्हणाली, “हे रागवत नाही ना!”

साठ मुलांच्या वर्गात सहाव्यांदा “बाई, पुन्हा सांगा” म्हणण्याचे धैर्य कोणत्या मुलाला होते? आणि म्हटले, तर कोणत्या बाईंना वेळ असतो? अमेरिकेतल्या सलमान खान यांनी (आपले नटवर्य नव्हेत, खान अकॅडमीवाले) दूर राहणाऱ्या मामे-चुलत भावंडांना गणित शिकवता शिकवता व्हिडिओ करायला सुरुवात केली, तेव्हा त्या भावंडांनी सांगितले, की आम्हाला तू प्रत्यक्षापेक्षा व्हिडिओतच बरा वाटतोस. तिथेही कारण हेच. मागे नेता येतो आणि लाज वाटत नाही.

पण एक गोष्ट विसरू नये. सहाव्यांदा पाहून झाल्यावर ती मुलगी पाटी घेऊन माझ्याकडे आली. भाकरीचे दोन असमान तुकडे करून तिने दोघांनाही अर्धा-अर्धा असे लिहिले होते. व्हिडिओ सहा वेळा रागावला नाही हे खरे. पण सहा वेळा त्याने तिची पाटीही पाहिली नाही.

म्हणून पालक मला विचारतात, की अमुक कंपनीचे शिकवणारे अॅप घ्यावे का, वर्षाचे इतके हजार मागतात, तेव्हा मी पैशांविषयी काही बोलत नाही. मी विचारते, “मुलाशेजारी बसणार कोण?” माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने कर्ज काढून असा संच घेतला. विक्रेत्याने बैठकीत आईबापांसमोर मुलाला दोन अवघड प्रश्न विचारून रडकुंडीला आणले आणि सही घेतली. तो संच आता माळ्यावर आहे, हप्ते मात्र चालू आहेत. फुकटात जे चांगले आहे ते थोडे नाही. सरकारच्या ‘दीक्षा’वर बालभारतीच्या पाठांचे व्हिडिओ आहेत. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात असताना टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचे कितीतरी व्हिडिओ केले, त्यांतले पुष्कळ मराठीत आहेत. बरेचसे एक-दोन मिनिटांचे, पाहून झाले की मूल आपोआप काडी, दोरा, जुनी बाटली शोधायला उठते. मला असा व्हिडिओ फार आवडतो, जो पाहणाऱ्याला आपल्यापुढून उठवतो.

आईबापांना विज्ञान आले पाहिजे असेही नाही. मुलाशेजारी बसावे, पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबवावा आणि म्हणावे, “मला नाही कळलं, जरा सांग.” बहुतेकांना हे खोटे बोलावे लागणार नाही.

शेवटी आमच्या मुलांनी स्वतः केलेल्या चित्रपटाची हकिकत. ठाकुर्लीचे नाव जुन्या रेल्वेवाल्यांना ठाऊक होते ते इथल्या पॉवर हाऊसमुळे. जी. आय. पी. रेल्वेने आपल्या गाड्या विजेवर चालवायला घेतल्या, तेव्हा १९२९ साली इथे चोळे गावाजवळ कोळशावर चालणारे वीजघर उभे केले. कोळसा इथे जळे आणि त्यावर लोकल धावत. आता ते कधीच बंद पडले आहे. आमच्याच गल्लीत तिथे नोकरी केलेले एक आजोबा आहेत. ‘ऊर्जेचे रूपांतर’ हा धडा आला तेव्हा मी मुलांना म्हटले, पडद्यावरचे नको, आजोबांनाच गाठा.

पाच मुले मोबाइल घेऊन गेली. आजोबा चाळीस मिनिटे बोलले. पगार किती होता, भोंगा कसा वाजे, साहेब कसा होता, सगळे. मी अट घातली, चार मिनिटांत बसवा, आणि पाहणाऱ्याला कोळशापासून लोकलपर्यंतचा रस्ता कळला पाहिजे. आणि मग जी भांडणे लागली! कुठला तुकडा ठेवायचा हे ठरवायला आधी विषय समजावा लागतो. एकाने निवेदनात लिहिले, ‘वाफेची वीज होते.’ ती वाचताना अडखळणारी मुलगी, जी आता आठवीत आहे, ती म्हणाली, “वाफेची वीज कशी होईल? वाफ ते चाक फिरवते. चाकाने जनित्र फिरतं. वीज तिथे होते.” तो ऐकेना. तिने माझ्या घरचे सायकलचे जुने डायनमो आणि छोटा दिवा आणला, चाक हाताने फिरवले, दिवा लावून दाखवला. निवेदन बदलले. दोन आठवडे हा उद्योग चालला होता. तेवढ्या वेळात मी तो धडा चार वेळा शिकवून मोकळी झाले असते, हे मान्य.

चित्रपट तयार झाला आणि एका रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर चादर बांधून दाखवला. आजोबांना खुर्ची देऊन पुढे बसवले. त्यांच्या बोलण्याबरोबर दाखवायला वीजघराचा आतला फोटो मुलांना कुठे मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी इंटरनेटवरून कुठल्याशा वीजघराचा घातला होता. तो पडद्यावर आला मात्र, आजोबा खुर्चीतून अर्धे उठले.

“थांबव रे, थांबव जरा! मागे घे. हे कुठलं घेतलंत? हे आमचं पॉवर हाऊस नव्हे.”

व्हिडिओ थांबला. आजोबांनी काठी टेकत चादरीजवळ जाऊन, आपले बॉयलर कुठे होते, टर्बाइन कुठे, आपण कुठे उभे राहत होतो, ते हवेतच बोटाने काढून दाखवायला सुरुवात केली. मुले पुढे सरकून बसली, त्यांतल्या एकाने दप्तरातून वही काढली. आता ते चित्र मुले स्वतः काढत आहेत, आजोबांना विचारून, आणि दिवाळीच्या सुट्टीत फोटो काढून त्या जागी ते घालायचे ठरले आहे.